सहा इंच, चार इंच आणि वहिनींची पर्स



गेले दोन महिने माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. तिचे नाव मी मुद्दाम "कॅमेरा_तुलना" असे ठेवले आहे, कारण कोणी मागून डोकावले तर उगाच खुलासे करत बसायला नको. आत आहेत अमेरिकेत कायद्याने मिळणारी सगळ्यात लहान पिस्तुले. लांबी, उंची, जाडी, वजन, गोळ्या किती, कुठे बनते, असे सगळे कॉलम.

हा उद्योग माझ्यासाठी नाही. कॉलेजपासूनचा एक मित्र इथेच, डॅलसच्या उत्तरेला राहतो. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका मोठ्या साखळी दुकानात फार्मसिस्ट आहेत. आठवड्यातून तीनदा रात्री दहाला दुकान बंद करून निघायची पाळी त्यांची असते. मागच्या हिवाळ्यात एका रात्री एक माणूस त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत आला आणि काचेवर थापा मारत राहिला. त्यांनी गाडी काढली, पुढे काही झाले नाही. पण नंतर पंधरा दिवस त्यांना धड झोप नव्हती. फार्मसीवाल्यांकडे कसल्या कसल्या गोळ्यांच्या किल्ल्या असतात असे समजणारी माणसे जगात कमी नाहीत.

मित्र मला म्हणाला, "एखादं छोटंसं पिस्तूल घेऊन टाकू. पर्समध्ये मावेल असं. तू जरा बघ ना, तुला स्पेक्स वाचायची हौस आहे."

हौस आहे हे खरे. आमच्या ग्रुपमध्ये कोणाला गाडी घ्यायची असो, डिशवॉशर असो की राइस कुकर, शीट माझ्याकडून जाते. पण यावेळी गंमत अशी की ज्याला तुलना करायला सांगितली त्याला त्या वस्तूला हात लावायचीही मुभा नाही. मी अजून एच-वनवर. (ग्रीन कार्डच्या रांगेत कितवा आहे ते विचारू नका.) इथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळ्याही नाहीत. एच-वन, एल-वन, एफ-वन आणि आपले आई-बाबा ज्यावर येतात तो बी-टू, सगळे यात आले. ग्रीन कार्ड मिळाले की ही आडकाठी जाते. मित्र आणि वहिनी दोघे सिटिझन, त्यामुळे त्यांना प्रश्न नाही. एक अपवाद मात्र आहे. शिकारीचा परवाना काढला की एच-वनवाल्याचीही बंदी उठते. म्हणजे ज्याने आयुष्यात झुरळ मारायलाही बायकोला हाक मारली त्याने हरणाच्या नावाने परवाना काढायचा. मी नाही काढला. इमिग्रेशनच्या फाइलमध्ये आपण होऊन एक कागद वाढवायची माझी तयारी नाही.

तर मी कागदावरच मोजमापे करायला बसलो. आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले की या पिस्तुलांचे आकार इंजिनिअरने कमी आणि वकिलाने जास्त ठरवलेले आहेत.

१९६८ साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. त्याच ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. स्वस्त, लहान, खिशात मावणाऱ्या पिस्तुलांना तेव्हा "सॅटरडे नाइट स्पेशल" म्हणत, आणि ती मोठ्या संख्येने युरोपातून येत. कायद्याने ठरवले की आयात होणारे हत्यार "खेळासाठी योग्य" हवे. आता खेळासाठी योग्य म्हणजे काय? सरकारने एक फॉर्म काढला. पिस्तूल किमान सहा इंच लांब हवे, किमान चार इंच उंच हवे, आणि लांबी अधिक उंची मिळून किमान दहा इंच भरायला हवी. आपल्यापैकी जे कोड रिव्ह्यू करतात त्यांच्या लक्षात आले असेल की पहिल्या दोन अटी पाळल्या की तिसरी आपोआप पाळली जाते. पन्नासहून जास्त वर्षे ही फालतू अट तशीच आहे, कोणी काढलेली नाही.

एवढ्याने भागत नाही. पुढे मार्क आहेत. पिस्तुलाला ७५ मिळाले तर पास. वजनाच्या प्रत्येक औंसाला एक मार्क. सहा इंचांच्या वर दर पाव इंचाला एक मार्क. गोळी ९ मिलिमीटर किंवा मोठी असेल तर दहा, .३८० असेल तर तीन, .२५ असेल तर शून्य. नेम फिरवून जुळवता येईल अशी साइट असेल तर पुन्हा दहा. रिव्हॉल्व्हरला वेगळा पेपर आहे. त्याची नळी किमान तीन इंच हवी आणि पास व्हायला ४५ मार्क पुरतात. दहावीला ग्रेस मार्क मिळवायला लोक चित्रकलेची परीक्षा देतात तसे कंपन्या मग साइट आणि मूठ बदलून मार्क गोळा करतात.

या फॉर्मचा सगळ्यात प्रसिद्ध बळी म्हणजे जेम्स बाँडचे वॉल्थर पीपीके. त्याची लांबी सहा इंचांच्या किंचित वर, पण उंची चार इंचांपेक्षा जेमतेम दहाव्या हिश्श्याने कमी. नापास! वॉल्थरने काय केले? मोठ्या भावाची, म्हणजे पीपी या मॉडेलची उंच बॉडी घेतली, त्यावर पीपीकेची आखूड नळी आणि स्लाइड बसवली आणि नाव दिले पीपीके/एस. वजन साधारण पन्नास ग्रॅमने वाढले आणि अमेरिकेचे दार उघडले. बेल्जियमच्या बेबी ब्राउनिंगला असली युक्ती चालण्यासारखी नव्हती. ते मुळात चार इंचच लांब. त्याची आयात बंदच झाली.

आता यातली खरी मेख. हा सगळा नियम फक्त आयातीला आहे. तेच पिस्तूल अमेरिकेत बनवले तर फूटपट्टी लागतच नाही. रॉबर्ट केनेडींवर झाडलेले .२२चे रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सन कंपनीचे, म्हणजे अस्सल अमेरिकन होते, नवा कायदा त्याला अडवूच शकला नसता. कायदा झाल्यावर दोन वर्षांत, १९७० मध्ये, लॉस एंजलिसच्या परिसरात रेव्हन आर्म्स नावाची कंपनी निघाली आणि जस्ताच्या मिश्रधातूचे .२५चे स्वस्त पिस्तूल ओतू लागली. तिच्या पाठोपाठ त्याच भागात आणखी कंपन्या आल्या. एका जर्मन कंपनीने मायामीत कारखाना टाकला आणि सुटे भाग आणून तिथे जोडणी सुरू केली, कारण आडकाठी अख्ख्या पिस्तुलाला होती. ३० मार्च १९८१ ला अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या मायामीत जोडलेल्या अशाच एका .२२च्या रिव्हॉल्व्हरमधून. नळी पावणेदोन इंच. तेरा वर्षांपूर्वीचा कायदा नेमके हेच हत्यार डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता.

काही राज्यांनी मग दुसरी वाट काढली, आणि मेकॅनिकलच्या मंडळींना ती आवडेल. इलिनॉय आणि हवाई या राज्यांनी सांगितले की पिस्तुलाच्या बॉडीचा धातू ८०० अंश फॅरनहाइटच्या खाली वितळता कामा नये. म्हणजे सुमारे ४२७ सेल्सियस. जस्ताचे ओतीव मिश्रण साधारण ३८५ सेल्सियसला वितळते. "स्वस्त पिस्तूल नको" असे कायद्यात लिहिता येत नव्हते म्हणून वितळणबिंदू लिहिला! कॅलिफोर्नियाने २००१ पासून मान्य पिस्तुलांची यादीच ठेवली आहे. त्यात यायचे तर पिस्तूल मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर पाडून दाखवावे लागते, आणि नंतर अटी वाढतच गेल्या. माझ्या शीटमधली काही मॉडेल्स त्या यादीत नाहीत, तेव्हा बे एरियातल्या मंडळींनी माझी शीट मागून उपयोग नाही.

म्हणून माझ्या शीटमध्ये "कुठे बनते" हा कॉलम शोभेचा नाही. ग्लॉक ऑस्ट्रियाचे, पण त्यांचे .३८०चे ग्लॉक ४२ जॉर्जियातल्या स्मर्नात बनते, कारण त्याची लांबी ५.९४ इंच. सहा शतांश इंचासाठी ते बाहेरून येऊ शकत नाही. सिगचे पी३६५ ५.८ इंच लांब, तेही न्यू हॅम्पशायरमध्ये बनते. बेरेटा इटलीची, पण तिची खिशातली पिस्तुले आधी मेरीलँडला आणि आता टेनेसीत बनतात. स्वित्झर्लंडमध्ये साडेपाच सेंटीमीटर लांबीचे, वीस ग्रॅमचेही न भरणारे एक रिव्हॉल्व्हर बनते. गोळीचा व्यास २.३४ मिलिमीटर. किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल एवढे. त्याला मात्र अमेरिकेत प्रवेश नाही, कारण नळी तीन इंच भरत नाही. अख्खे हत्यारच तेवढे भरत नाही!

या नादात एक टॅब उगाच वाढला. टोरांटोच्या मामेभावाशी बोलताना कळले की तिकडे फूटपट्टी नळीला लावतात. १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळी असलेले पिस्तूल निषिद्ध, शिवाय .२५ आणि .३२ या गोळ्यांची सगळी निषिद्ध. ग्लॉक १९ची मूळ नळी १०२ मिलिमीटरची, तर कॅनडासाठी ग्लॉकने १०६ची केली. एका मिलिमीटरने पास. अर्थात ऑक्टोबर २०२२ पासून तिथे पिस्तुलांची नवी विक्रीच गोठवली आहे, त्यामुळे तो मिलिमीटरही वाया गेला. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. १९९७ च्या कायद्याने ३० सेंटीमीटरपेक्षा आखूड नळी किंवा एकूण ६० सेंटीमीटरपेक्षा कमी लांबी असलेली हत्यारे गेली. आता तिथले हौशी नेमबाज फूटभर नळीचे रिव्हॉल्व्हर वापरतात आणि साठ सेंटीमीटर भरावेत म्हणून मुठीच्या मागे गजासारखा दांडा लावतात. फोटो बघाच, नांगराचा मुठ्या वाटतो. आपल्याकडे भारतात लांबीपेक्षा गोळीच्या आकाराला महत्त्व. .३२ साठी परवाना मिळू शकतो, ९ मिलिमीटर सामान्य माणसाला नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून "निर्भीक" काढले तेही .३२च, वजन अर्धा किलो.

असो. पुन्हा डॅलसला येतो, कारण वहिनींना मार्च-एप्रिलमध्ये निर्णय घ्यायचा होता आणि मी जगाचे कायदे वाचत बसलो होतो.

पर्समध्ये मावणारे म्हटले की शेवटी चार-पाचच राहतात. सगळ्यात लहान नॉर्थ अमेरिकन आर्म्सचे .२२चे रिव्हॉल्व्हर. युटात बनते, चार इंच लांब, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, गोळ्या पाच. दिसायला दागिना. पण प्रत्येक गोळीला अंगठ्याने घोडा ओढायचा, आणि पुन्हा भरायला फिरते चक्र बाहेर काढून हातात घ्यायचे. काळोखात, थरथरत्या हातांनी. मी ते शीटमध्ये ठेवले ते केवळ बाकीच्यांचे मोठेपण कळावे म्हणून. मग सीकॅम्पचे .३२. सव्वाचार इंच, बांधणी घड्याळासारखी, आणि त्याला नेम धरायला साइटच नाही. बनवणाऱ्याचे म्हणणे असे की हे हातभर अंतरासाठी आहे, नेम कसला धरता. केल-टेकचे पी-३२ १९९९ मध्ये आले आणि त्याने सगळा हिशोब बदलला. रिकामे असताना १८७ ग्रॅम, जाडी पाऊण इंच. माझा फोन कव्हरसकट याहून जड आहे. २००३ मध्ये त्यांनीच .३८०चे पी-३एटी काढले, आणि २००८ मध्ये रूगरने एलसीपी. एलसीपी रिकामे २६६ ग्रॅम, ५.१६ इंच लांब, ३.६ इंच उंच. १९६८च्या फॉर्मवर ते दोन्हीकडून नापास होईल. पण बनते अमेरिकेत, त्यामुळे फॉर्मचा संबंध नाही.

मित्राने शीट बघितली आणि लगेच बोट ठेवले, "एलसीपी. ठरलं."

इथे मी थोडा आडवा आलो. कारण तोवर मी दोन कॉलम वाढवले होते.

पहिला धक्क्याचा. न्यूटनचा तिसरा नियम आपण नववीत पाठ केला, तो इथे तळहातावर भेटतो. .३८०ची गोळी साधारण सहा ग्रॅम, आखूड नळीतून सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास जाते. जळालेल्या दारूचा वायू धरून जो आवेग येतो तो भरलेल्या एलसीपीच्या तिसेक शतांश किलोवर पडतो. माझ्या ढोबळ हिशोबाने पिस्तूल सेकंदाला साडेपाच मीटरच्या वेगाने मागे येते. भरलेले ग्लॉक १९, ९ मिलिमीटरची जास्त ताकदीची गोळी मारूनसुद्धा, साडेतीननेच मागे येते, कारण ते अडीचपट जड आहे. धक्क्याची ऊर्जा दोघांची जवळपास सारखी निघते. पण एक ढकलते आणि दुसरे चापट मारते. शिवाय लहान पिस्तुलाच्या मुठीत दोनच बोटे मावतात, करंगळी हवेत.

दुसरा कॉलम नेमाचा. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर शंभर मिलिमीटर असेल आणि तुमचा हात एक मिलिमीटर हलला, तर सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर बाजूला जाते. मोठ्या पिस्तुलात हेच अंतर १६५ असते, चूक चार-सव्वाचार सेंटीमीटर. म्हणजे जे लपवायला सोपे ते चालवायला अवघड. नवशिक्याच्या हातात सगळ्यात कठीण वाद्य देण्यासारखे आहे हे.

मित्र म्हणाला, "अरे, चालवायचं कशाला? दाखवलं की पळतात."

या वाक्यावर मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण वहिनी समोर होत्या आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. पण इथे लिहितो. .३८०ला इंटरनेटवर लोक "नाजूक" म्हणतात. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये जे बेरेटा होते ते हीच गोळी मारणारे, इटालियन नाव फक्त वेगळे, ९ मिलिमीटर कॉर्टो. तीन गोळ्या. कुठलेही पिस्तूल दाखवण्यापुरते नसते.

एका शनिवारी आम्ही तिघे एका शूटिंग रेंजवर गेलो. मी काचेच्या अलीकडे, कॉफी घेऊन, सोबतीला दोन नवऱ्यांना आणलेल्या बायका आणि एक पेंगणारे आजोबा. आत एक साठीच्या बाई शिकवत होत्या. त्यांनी वहिनींना आधी बेरेटाचे .२२ बॉबकॅट दिले. त्याची नळी कळ दाबली की मागून वर उघडते, गोळी थेट आत ठेवायची, स्लाइड ओढायचे काम नाही. ज्यांच्या मनगटात जोर नाही त्यांना ही सोय फार. सात मीटरवर कागदी प्लेट लावली होती. वहिनींनी बऱ्यापैकी भोके पाडली आणि वळून काचेतून मला अंगठा दाखवला. मग एलसीपी. सहा गोळ्या. दोन प्लेटवर, चार कुठे गेल्या ते रेंजच्या भिंतीला माहीत. बाहेर आल्या तेव्हा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात लालबुंद झाले होते. शेवटी बाईंनी स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझी दिले. तीच .३८०, पण पिस्तूल सव्वापाचशे ग्रॅमचे, पावणेसात इंच लांब, स्लाइड मुद्दाम हलकी ओढता येईल अशी केलेली. आठच्या आठ प्लेटवर.

"हे ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "पण हे पर्समध्ये मावत नाही."

मावले असते तरी पर्सचे काय, हा प्रश्न त्यांनीच पुढे गाडीत काढला. घरी आल्या आल्या पर्स सोफ्यावर पडते आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा तीत च्युइंगम शोधतो. रोज. एलसीपीच्या मूळ मॉडेलला, पी-३२ला आणि सीकॅम्पलाही हाताने लावायची सेफ्टी नाही, लांब आणि जड ट्रिगर हीच सेफ्टी. आयातीच्या फॉर्मवर सेफ्टी सक्तीची आहे, घरगुती मालाला ती अट नाही. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असे भरलेले हत्यार ठेवणे हा गुन्हा आहे, पण वहिनी काही कायद्याच्या भीतीने बोलत नव्हत्या.

मग दुकानाचा नियम निघाला, जो खरे तर आधी वाचायला हवा होता असे मित्राला वाटले आणि तसे त्याने दोनदा बोलूनही दाखवले. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, ज्यांना बंदूक बाळगायला मनाई नाही अशा माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येते. पण वहिनींच्या कंपनीत नोकरांनी दुकानात शस्त्र आणायचे नाही. २०११ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे कंपनी त्यांना पार्किंगमधल्या कुलूपबंद गाडीत ते ठेवायला मना करू शकत नाही. म्हणजे पिस्तूल गाडीत, आणि भीती दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत! पाच इंचांचे घ्या नाही तर पंधरा, त्या पट्ट्यात ते नसणारच. उलट रात्रभर पार्किंगमध्ये उभ्या गाडीची काच फुटली तर चोराच्या हाती फोनऐवजी पिस्तूल लागायचे.

त्या संध्याकाळी वहिनींनी मला विचारले, "तुमच्या शीटमध्ये पावलं आहेत का?"

"कसली पावलं?"

"दारापासून गाडीपर्यंतची. मी मोजली आहेत. बासष्ट."

नोकरांनी गाड्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे लावायच्या, पुढची जागा गिऱ्हाइकांसाठी, असा तिथला दंडक होता. वहिनींनी मॅनेजरला मेल लिहिली. पहिल्या मेलला उत्तर आले नाही. दुसरीत त्यांनी त्या रात्रीची तारीख, वेळ आणि कॅमेरा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते लिहिले, आणि कॉपीला वरच्या साहेबांना ठेवले. आठवड्याभरात परवानगी आली. आठनंतर निघणाऱ्यांनी गाडी दारासमोरच्या दिव्याखाली लावायची, आणि बंद करताना दोघांनी मिळून निघायचे. आता चौदा पावले आहेत. मी शीटमध्ये कॉलम घातला, पण बाकी कुठल्याच मॉडेलसमोर त्यात भरायला काही नाही.

पिस्तूल त्यांनी घेतले का? घेतले. शील्ड ईझी, मित्राच्या आग्रहाखातर, घरासाठी. बेडरूमच्या कपाटात बोल्टने जमिनीला जखडलेल्या पेटीत असते, आणि वहिनी महिन्यातून एकदा रेंजवर जातात. मित्राला वाटते त्या अजून कधीतरी पर्ससाठी लहान घेतील. मला वाटते नाही घेणार. त्या स्वतः यावर काही बोलत नाहीत. त्यांनी पेपर स्प्रे घेतला आहे आणि रात्री निघताना तो हातात असतो, पर्सच्या तळाशी नाही.

माझे मत विचाराल तर, ज्यांना खरोखरच जवळ ठेवायचे आहे त्यांनी सगळ्यात लहान हा निकष पहिल्याच फेरीत बाद करावा. आपण अपार्टमेंटमध्ये राहणारी माणसे, मावते का हे आधी बघायची सवय लागलेली. इथे आधी हात बघा, मग रेंजवर किमान तीन वेगवेगळी भाड्याने चालवा, आणि नोकरीच्या जागेचे नियम त्याआधी वाचा. एच-वन आणि एल-वनवाल्यांनी मित्राच्या आग्रहाने रेंजवर "एकच गोळी" असे करू नये. माझ्यासारखी काचेमागे कॉफी घ्यावी, फार वाईट नसते.

एक गोष्ट राहिली. वहिनींचे आई-वडील पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी येत आहेत, बी-टूवर. त्यांनाही वरचाच नियम लागू, त्यामुळे पेटीचा आकडा त्यांना सांगायचा नाही असे मित्राने ठरवले आहे. फोनवर सासऱ्यांना हे समजावून सांगायला त्याला पाऊण तास लागला. ते निवृत्त मुख्याध्यापक. सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे मी घरात एकटा असताना चोर आला तर मी त्याला माझा व्हिसा दाखवायचा?"

मित्राने हा प्रश्न मला फॉरवर्ड केला आहे. कोणाला इमिग्रेशनच्या वकिलाकडून यावर नेमके उत्तर मिळाले असेल तर जरूर लिहा. शीट हवी असेल त्यांनीही कळवा, पाठवतो. नाव बदलून घ्या मात्र.